वरच्या खोलीतलं कपाट

वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचं दार करकरलं की खाली मला जाग यायची. आधी एक लांब, कण्हल्यासारखी करकर, मग जरा थांबून एक आखूड. पहिली दार उघडण्याची. दुसरी, दाराला जडवलेला उभा आरसा खिडकीच्या उजेडाकडे वळवून घेण्याची. त्यानंतर बराच वेळ वरून काहीच ऐकू यायचं नाही. आई स्वयंपाकघरात फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबत असायची. (घरात सगळं मराठी राहिलं, पण सकाळचा चहा बंगळूरला, बनशंकरीत राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी बाद झाला.) ती छताकडे बघून म्हणायची, "विजूचं आवरतंय. किती शिस्त आहे पोराला. नाहीतर आमचे चिरंजीव!" चिरंजीव पांघरुणात पडून त्या शांततेकडे कान देत असायचे. एवढा वेळ आरशात बघण्यासारखं अंग असणं म्हणजे काय सुख असेल, असं मला वाटायचं. ते सुख नव्हतं, हे कळायला पुढे फार वेळ लागला नाही.

विजूदादा माझ्या आत्याचा मुलगा, मिरजेचा. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून "थोडे दिवस मामाकडे" आला आणि राहिला. दोन बस बदलून जायचा, तरी संध्याकाळी घरी आला की दारातून आत येण्याआधी त्याची सावली यायची, इतका रुंद. सावली हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या बाहेरच्या दिव्याखाली त्याचे खांदे थेट तुळशीपर्यंत पडायचे. शेजारच्या सरोजाक्का आईला कन्नडमध्ये विचारायच्या, या मुलाला घालता तरी काय? आईला हा प्रश्न फार आवडायचा. डिंकाचे लाडू, साजूक तूप, रात्री झोपताना आटवलेलं दूध अशी तिची यादी ठरलेली होती. त्या यादीत अंडी नसायची. ती विजूदादा वरच्या खोलीत स्वतःच्या वातीच्या स्टोव्हवर उकडायचा आणि वास जिन्यावरून सरळ देवघरापर्यंत उतरायचा. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "बटाटे उकडत असेल." आमच्या घरात ज्या गोष्टी दिसू द्यायच्या नसत त्यांना आम्ही बटाटे म्हणायचो, असं आता वाटतं.

आणि मी? आज माझं पोट माझ्याआधी खोलीत शिरतं, त्यामुळे कुणाला पटणार नाही, पण तेव्हा मी काडीसारखा होतो. माझी धाकटी बहीण चिमी म्हणायची, "दादा बाजूनं उभा राहिला की त्याची गैरहजेरी लागते." मी शर्टाखाली दोन बनियन घालायचो आणि त्यावर स्वेटर. बंगळूरच्या हवेचा मला मोठा आधार होता. बारा महिने स्वेटर घातला तरी इथे कुणी का म्हणून विचारत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की कोणीतरी काका दंडाला दोन बोटांनी धरून विचारणारच, "काय रे, घरी जेवायला घालत नाहीत का?" मग मीच सगळ्यांत आधी हसायचो. मुलगी बारीक असली तर लोक निदान आईला बाजूला घेऊन विचारतात. मुलाच्या बाबतीत ते चारचौघांत म्हणायचं असतं आणि त्यानं ते हसण्यावारी न्यायचं असतं. माझा विनोदी स्वभाव म्हणून जो काही आहे, तो तिथेच तयार झाला असावा. लोकांच्या आधी आपण हसलो की मार कमी लागतो.

एका रविवारी विजूदादा मला त्याच्या व्यायामशाळेत घेऊन गेला. कारखान्यामागची पत्र्याची शेड, आत ग्रीसचा आणि घामाचा वास. वजनं म्हणजे टाकाऊ चाकं. लेथवर फिरवून, मधलं भोक मोठं करून दांड्याला बसवलेली. ती एकमेकांवर आदळली की पत्रे थरथरायचे. तिन्ही भिंतींना आरसे होते. मला वाटलं होतं, इथे लोक एकमेकांकडे बघत असतील, माझ्याकडे बघून हसतील. कुणी ढुंकून पाहिलं नाही. प्रत्येक जण फक्त आरशाकडे बघत होता, आणि चेहरे परीक्षेचा निकाल लावलेल्या फलकासमोर असतात तसे. माझ्या मांडीएवढा दंड असलेला एक अण्णा शेजारी उभा होता. तो स्वतःचा दंड चिमटीत धरून पुटपुटला, "स्वल्पानू बंदिल्ला." म्हणजे, थोडासुद्धा आला नाही. मला वाटलं गंमत करतोय. मी हसलो. तो हसला नाही.

परतीच्या बसमध्ये विजूदादानं शर्टाची बाही वर केली. "बारक्या," (तो मला बारक्याच म्हणायचा) "खरं सांग. उजवा दंड उतरलाय की नाही?"

"कशाला उतरेल? टेंगळं आलीत नुसती."

"तू मन राखायला बोलतोयस लेका." आणि बनशंकरी येईपर्यंत तो खिडकीच्या काचेत स्वतःलाच बघत बसला.

हा प्रश्न नंतर रोजचा झाला. दंड उतरलाय का, छाती बसलीय का, मान बारीक दिसतेय का. तो वाढत होता हे सगळ्यांना दिसत होतं. शिंप्यानं त्याची पँट मांडीत दोनदा उसवली होती. पण जसजसा तो वाढला तसतसा आरशातला विजूदादा आटत गेला. मी काडी होतो आणि मला काडी दिसायची. माझ्या आरशात निदान खोट नव्हती. त्याच्या आरशात मात्र कोण उभं राहत होतं कोण जाणे.

मग एका संध्याकाळी मी जेवायला बोलवायला वर गेलो तर तो खाटेवर पालथा होऊन, मान वळवून, स्वतःलाच इंजेक्शन घेत होता. बघितल्यावर दचकला, मग हसला. "रेसच्या घोड्यांना देतात त्यातलंच," म्हणाला. "व्यायामशाळेतल्या मास्टरनं दिलंय. घोडी मरतात का? पळतात." मग मला माझ्या आईची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. आणि मी दारातच घुटमळतोय हे बघून म्हणाला, "गणपती होऊ देत. मग तुझंही सुरू करू."

मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गणपतीची वाट मी लहानपणीही एवढी पाहिली नव्हती.

गणपती जवळ येत गेले तसा घरात एकेक बदल होत गेला. विजूदादाचा चेहरा गोल झाला. आई म्हणाली, गालांवर मांस आलं. त्याच्या बनियनच्या पाठीवर रक्ताचे ठिपके पडायला लागले. आई ते मिठाच्या पाण्यात भिजवत म्हणाली, वर डास फार झालेत. त्यानं घरात शर्ट काढणंच बंद केलं. आई म्हणाली, मोठा झाला, लाजतो. चिमीनं एकदा वेणी घालायला त्याच्या कपाटाचा आरसा वापरला आणि दार तसंच भिंतीकडे वळवून ठेवलं, तर खाली धाड असा आवाज आला. त्यानं खोलीच्या लाकडी दाराच्या फळीवर मूठ मारली होती. फळी चिरली होती. जेवताना हाताला फडकं बांधून तो मान खाली घालून बसला आणि चिमी पानातला भात चिवडत राहिली. मग बाबा बोलले. ते सरकारी कारखान्यात धातूंची तपासणी करायचे. लोखंडाच्या सळया यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढणं हे त्यांचं रोजचं काम. ते म्हणाले, "ओढत गेलं की लोखंड आधी कडक होत जातं. नवख्याला वाटतं, वा, काय माल आहे. मग एका जागी मान बारीक होते. आणि त्यानंतर फार वेळ लागत नाही." एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं. कुणाला उद्देशून बोलले ते तेव्हा मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही नसावं.

आईला मात्र सगळ्याचं कारण सापडलं होतं: दृष्ट. सरोजाक्का चांगल्या, पण त्यांचं ते सारखं "घालता तरी काय" बरं नव्हे. शनिवारी संध्याकाळी तिनं विजूदादाला पाटावर बसवून मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. एरवी मिरच्यांचा खकाणा उठतो, घर खोकतं, मग आई समाधानानं डोळे पुसते. खकाणा नाही उठला तर दृष्ट जबर, असा हिशेब. त्या दिवशी मिरच्या जळल्या, काळ्या झाल्या, आणि आम्ही सगळे तिथे उभे राहून छान श्वास घेत होतो. चिमीनं बळेच खोकून दाखवलं. आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती विजूदादाच्या डोळ्यांकडे बघत होती. त्यांतला पांढरा भाग किंचित हळदीसारखा दिसत होता; पण दिवाही पिवळाच होता.

त्यातच बाबांची कंबर धरली. गणपतीची पूजा सांगायला गुरुजी येणार, पूजेला बसायला घरातला पुरुष हवा. सरळ मार्गानं मीच. पण पूजा सोवळ्यात, म्हणजे पितांबर आणि वर उघडं अंग. समोर मंडळातली निम्मी मंडळी, सरोजाक्कांच्या दोन्ही मुली. मी फार भक्तिभावानं म्हणालो, "विजूदादा मोठा आहे, त्याला बसवा ना."

"त्याचं गोत्र वेगळं आहे रे," बाबा आडव्यानंच म्हणाले.

"गुरुजी बघतील गोत्राचं," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर तो बसलेला दिसत होता. "तो बसला तर पूजेला काय शोभा येईल!"

विजूदादा जिन्यात उभा होता. "बसतो की मामी," म्हणाला.

त्या दिवसापासून तो तयारीला लागला. कसली ते फक्त मला माहीत होतं. "स्पर्धेच्या आधी पाणी तोडतात," त्यानं मला सांगितलं. "कातडी मांसाला चिकटते. रेघ न् रेघ दिसते." पाणी सुटायच्या कसल्याशा गोळ्याही मास्टरनं दिल्या होत्या. आमच्या घरच्या गणपतीसमोर बसायला त्यानं पाणी तोडलं. आणि दुसऱ्या दिवशी हरतालिका. चिमीचा निर्जळी उपास होता, म्हणजे ती दर दोन तासांनी सरोजाक्कांकडे जाऊन कॉफी पिऊन येत होती. विजूदादानं पाण्याचा तांब्या परत केला आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "पूजेला बसायचं म्हणून पोरानं निर्जळी धरलीय. आणि आमची ही बघा, भवानी." तिनं ते शेजारीपाजारी सांगितलं. सरोजाक्का येऊन त्याच्या पाया पडायच्याच बाकी राहिल्या. मला हसू आवरेना. त्याचे ओठ फुटले होते, बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती, जिना चढताना तो कठडा धरत होता, आणि मी उशीत तोंड खुपसून हसत होतो.

चतुर्थीला पहाटे कपाट करकरलं. एक लांब, एक आखूड. मग पुन्हा लांब. पुन्हा आखूड. बंद, उघड, बंद, उघड. जणू दाराची जागा बदलली तर आत दुसरा कुणीतरी सापडणार होता. मोदकांचं सारण परतता परतता आईनं वर बघितलं. पहिल्यांदाच ती काही म्हणाली नाही.

गुरुजी स्कूटरवरून आले, आणखी चार घरं करायची होती, घाईत होते. पाहुणे जमले. विजूदादा खाली आला तो गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात.

"मी बसत नाही. बारक्याला बसवा."

"अरे, असं काय करतोस? सगळी तयारी..."

"मामी, नाही म्हटलं ना!" आवाज एवढा चढला की चिमीच्या हातातली दुर्वांची जुडी सुटली.

गुरुजींनी माझ्याकडे बघून बोट हलवलं. "चला. अंगातलं काढा." मी शर्ट काढला. "बनियन." काढली. खाली दुसरी. गुरुजी चष्म्यावरून बघत राहिले. "अजून किती आहेत? का नैवेद्यापर्यंत सोलतच बसायचं?" सगळे हसले, मीही हसलो, सवयीनं, सगळ्यांच्या आधी. आणि मग पितांबर नेसून पाटावर बसलो. माझ्या फासळ्या, माझी गळपट्टीची हाडं, सगळं समईच्या उजेडात मांडलेलं. आणि काय झालं? काहीही झालं नाही. कुणी बघतच नव्हतं. सगळे मूर्तीकडे बघत होते, किंवा मोदकांकडे. आचमनाच्या वेळी मी मान वळवली तेव्हा एकच माणूस माझ्याकडे बघत होता. विजूदादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो पुढे येऊन, वाकून हळूच म्हणाला, "तुझं बरं आहे, बारक्या. तुला कुणी बघत नाही." चेष्टा नव्हती त्यात. हेवा होता.

आरतीला त्यानं झांजा घेतल्या. पहिल्या आरतीला ठेका बरोबर होता. दुसऱ्या आरतीत तो मागे पडायला लागला, मग एक ठोका पडला आणि पुढचा पडलाच नाही. एक झांज फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिली, आणि तिच्यामागून तो पडला. एवढं मोठं अंग पडल्याचा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

बाबा कंबर विसरून खाली बसले. त्यांनी त्याच्या शर्टाची बटणं तोडली. आत काखेपासून पोटापर्यंत क्रेपची पट्टी गुंडाळलेली होती, घट्ट, कडेनं सेफ्टी पिना लावलेली. "याला लागलंय का कारखान्यात?" बाबा आमच्याकडे बघत म्हणाले. "बोललं का नाही कुणी?" त्यांनी पट्टी सोडायला सुरुवात केली. लागलेलं काही नव्हतं. औषधांनी त्याची छाती सुजून वर आली होती, वयात येणाऱ्या मुलीसारखी; पाठभर फोड होते. आईनं पटकन स्वतःचा शेला त्याच्यावर घातला. मी माझ्या दोन बनियनींकडे बघितलं. त्या पाटाशेजारी घडी करून ठेवलेल्या होत्या. मी मोठा दिसायला गुंडाळून घेत होतो, तो लपायला. एकाच छताखाली, एकावर एक खोल्यांत.

मी रस्त्यावर धावलो, ऑटो थांबवली. रिक्षावाल्यानं पितांबर आणि जानवं बघून हात जोडले, "एनु सामी?" म्हणजे, काय स्वामी? मी पुरोहित आहे असं वाटलं असणार त्याला. बनशंकरीच्या भर रस्त्यातून, सणाच्या गर्दीतून, मी उघड्या अंगानं विजूदादाचं डोकं मांडीवर घेऊन गेलो, आणि उघडा आहे हे मला दवाखान्यात नर्सनं चादर दिली तेव्हा कळलं.

डॉक्टर तरुण होते, कन्नडिग. त्यांनी डोळे उघडून पाहिले, पोट दाबलं आणि विचारलं, हा काय घेतो? मागच्या ऑटोनं आई पोचली होती. ती कळवळून मोडक्या कन्नडमध्ये सांगायला लागली. डिंकाचे लाडू. तूप. दूध. आणि काल निर्जळी होती, गणपतीसाठी. डॉक्टर ऐकून घेत होते. मग त्यांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू सांग."

मला आईचीच शपथ होती आणि आई समोर उभी होती. विजूदादाचा हात खाटेवरून लोंबत होता, टेंगळं आलेला, निळसर. मी सांगितलं. इंजेक्शनं, गोळ्या, पाणी तोडलेलं, मास्टर, सगळं. आई डॉक्टरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे निर्जळी नव्हती?" मी मान हलवली. ती बाकावर बसली.

तो वाचला. यकृत सुजलं होतं, क्षार पार उतरले होते, हृदय अडखळत होतं. आणखी एक-दोन तास गेले असते तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मिरजेहून आत्या आली. त्याला घेऊन जायच्या दिवशी तो सामान भरायला वर गेला. एक लांब करकर. एक आखूड. मग तो उतरला. शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. माझ्यासमोर थांबला. "सांगितलंस ना? बघ. सगळं उतरलं." आत्या म्हणाली, "अरे, त्यानं जीव वाचवला तुझा." त्यानं तिच्याकडे जे बघितलं त्यावरून जीव ही गोष्ट त्याच्या मोजमापात कुठे बसत होती ते मला कळलं.

त्यानं मिरजेला दुकान काढलं, लग्न केलं. हळदीलाही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसला होता. माझ्याशी बोलायचा, पण दंडाचं पुन्हा कधी विचारलं नाही. केस काळे असतानाच गेला, हृदय, म्हणाले. मी पोचलो तेव्हा आत्या माझा हात धरून म्हणाली, "आंघोळ घालताना इतक्या वर्षांनी बघितला रे त्याला. चांगला होता की अंगानं. चांगला होता."

आता आम्ही बंगळूरच्याच सर्जापूर रोडला राहतो. इमारतीतच व्यायामशाळा आहे, थंडगार, काचेची. माझा मुलगा रोज जातो. ओट्यावर प्रोटीनच्या पावडरीचा मोठा डबा असतो आणि बायको म्हणते, "अहो, सगळीच मुलं घेतात." त्याच्या खोलीतल्या कपाटाला सरकतं दार आहे, अख्खं आरशाचं. ते अजिबात वाजत नाही. म्हणून मी सकाळी पेपर घेऊन पॅसेजमध्येच बसतो.

परवा दार अर्धं उघडं होतं. तो आरशासमोर उभा होता, त्यानं मला आरशातूनच पाहिलं. "बाबा, ऑनेस्टली सांग. खांदे कमी झालेत ना माझे?"

मी पेपर ठेवला. आत गेलो, शर्ट काढला, बनियन काढली (हल्ली एकच असते), आणि माझं हे पोट, ही लोंबती छाती घेऊन त्याच्या शेजारी आरशासमोर उभा राहिलो. "आता मला सांग," म्हटलं, "माझं काय काय कमी झालंय?"

तो हसला. अगदी मनापासून हसला. मीही हसलो, आणि हसता हसता आरशात पाहिलं. त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या उजव्या खांद्यावर होते.